मुंबईहून सकाळी निघून रात्री परत : निवांत समुद्रकिनाऱ्यांचे परीक्षण

या परीक्षणासाठी किनारे निवडताना मी चार अटी धरल्या. स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला लोकल, बोट, बस किंवा रिक्षाने तिथे पोहोचता आले पाहिजे. सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता आले पाहिजे. वाळूवर पाय ठेवण्यासाठी कोणत्याही रिसॉर्टचे तिकीट काढावे लागता कामा नये. आणि निदान आठवड्याच्या मधल्या वारी तरी तिथे बसल्यावर लाटांखेरीज दुसरा आवाज सतत कानावर येता कामा नये. निळे पाणी आणि पांढरी वाळू या गोष्टी अटींत घेतलेल्याच नाहीत, कारण मुंबईपासून दोन-तीन तासांच्या अंतरात त्या मिळत नाहीत. बंदराच्या तोंडाशी खाड्यांचा गाळ येऊन मिळतो, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा मातकटच दिसते, आणि बेसाल्ट झिजून झालेली वाळू करडी ते काळपट असते. हे आधीच मान्य करून निघाले तर पुढची निराशा टळते.

किनारा गजबजेल की निवांत राहील, हे त्याच्या देखणेपणावर फारसे अवलंबून नसते. मुख्य रस्ता आणि वाळू यांच्यामधला शेवटचा किलोमीटर ते ठरवतो. जिथे डांबरी रस्ता थेट वाळूत उतरतो आणि बसगाड्या उभ्या करायला मोकळे मैदान असते, तिथे आधी भेळ-पाणीपुरी येते, मग घोडागाड्या, मग वाळूवर घरघरणाऱ्या चारचाकी मोटारसायकली आणि शेवटी पॅरासेलिंग. हा क्रम नागाव, काशीद, वरसोली असा सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच दिसतो. जिथे रस्ता गावातच संपतो आणि पुढे वाड्यांच्या कुंपणांमधल्या बोळातून चालत जावे लागते, तिथे शनिवारीही माणसे मोजकीच असतात. पुढचे सगळे बरे-वाईट शेरे मी या शेवटच्या किलोमीटरवरून दिले आहेत.

शहरातले किनारे यातून आपोआप बाद होतात. गिरगाव, दादर, जुहू यांचा आनंद गर्दीचाच आहे आणि तो ज्याला हवा त्याने जरूर घ्यावा. मालाडच्या पश्चिमेचा आक्सा मधल्या वारी शांत दिसतो खरा, पण तिथले पाणी फसवे आहे. वाळूचा तळ सारखा बदलतो, परतीचा प्रवाह जोरदार असतो आणि बुडून मृत्यू होण्याच्या घटनांसाठी हा किनारा अनेक वर्षे कुप्रसिद्ध आहे. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालणारी मंडळी तिथे नेहमी दिसतात, त्यांच्यात आपण नसावे एवढेच. पुढचे एरंगळ लहान आहे, चर्चच्या पायथ्याशी आहे आणि जानेवारीतली जत्रा सोडली तर बरेच शांत असते. मात्र ती तासभर बसण्याची जागा आहे, दिवस काढण्याची नव्हे.

मार्व्याहून छोट्या होडीने खाडी ओलांडली की पाच-दहा मिनिटांत मनोरी येते. एवढ्या थोड्या वेळात मुंबई इतकी मागे पडते, की अंतराच्या हिशेबाने पाहिल्यास या यादीत मनोरीलाच पहिला क्रमांक द्यावा लागेल. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची कौलारू घरे, माड, अरुंद रस्ता असे गाव आहे. मात्र किनाऱ्यावर अनेक ठिकाणी खडक आहेत, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पावसाळ्यानंतरचे काही आठवडे भरतीरेषेवर प्लास्टिकचा पट्टा साचलेला असतो. शेजारचे गोराई जास्त लांब-रुंद आहे, आणि म्हणूनच रविवारी तिथे क्रिकेटचे दहा सामने एकाच वेळी चालू असतात. त्याच्याही उत्तरेला उत्तन आहे. भाईंदरच्या पश्चिमेहून तिथे बस जाते. उत्तनचा किनारा मासेमारीचा आहे. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, होड्या ओढलेल्या असतात, आणि वाळूवर सतरंजी टाकून बसणाऱ्या पाहुण्याला आपण कुणाच्या तरी कामाच्या जागेत आलो आहोत याची जाणीव होते. सुक्या मासळीचा वास ज्यांना सोसवत नाही त्यांनी तिकडे जाऊन नाके मुरडण्यापेक्षा दुसरीकडे जावे.

वसईचा किनारा नकाशावर फार आशादायक दिसतो. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा ही गावे एका ओळीत आहेत, आणि वसई, नालासोपारा व विरार या स्थानकांवरून तिथे बस आणि शेअर रिक्षा मिळतात. प्रत्यक्षात कळंब-राजोडीचा पट्टा रिसॉर्टवाल्यांच्या ताब्यात गेल्यासारखा आहे. वाळू सार्वजनिक असली तरी तिच्याकडे जाणाऱ्या बऱ्याच वाटा तरणतलावांच्या भिंतींना लागून जातात, आणि भिंतीपलीकडचा डीजे सकाळी अकराला सुरू होतो तो उन्हे कलेपर्यंत थांबत नाही. मंगळवार-बुधवारी हाच पट्टा पूर्णपणे वेगळा वाटतो, हेही सांगायला हवे. भुईगावला सुरूची लागवड आणि तिवरे आहेत, पायाखाली चिखल आहे. त्यामुळे हौशी सहली तिकडे कमी वळतात आणि हिवाळ्यात कुरव व इतर किनारी पक्षी पाहणारे दुर्बिणी घेऊन येतात. अर्नाळ्याला किनाऱ्यापेक्षा समोरच्या बेटावरचा किल्ला पाहायला जावे. होडीने तिकडे पोहोचता येते, बेटावर कोळ्यांची वस्ती आहे आणि किल्ल्याला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेले की बरीच सामसूम मिळते. परतताना आगाशीत थांबून भुजिंग घ्यावे. पोह्यात घातलेली भाजलेली कोंबडी असे त्याचे वर्णन केले तर काहीच हाती लागत नाही. ते खाऊनच कळते.

केळवे मात्र सविस्तर लिहिण्याजोगे आहे. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे आणि मग केळवे रोड असा क्रम आहे. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली तेव्हापासून पश्चिम उपनगरातल्या माणसाला ही सहल सोपी झाली. तरीही विरारच्या पुढच्या गाड्यांमध्ये अंतर बरेच असते, म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून ठेवाव्यात. एक चुकली तर दुसरी लगेच येईल हा मुंबईकराचा समज इथे चालत नाही. स्थानकापासून किनारा सहा-सात किलोमीटरवर आहे. शेअर रिक्षा भरली की निघते, आणि मधल्या वारी ती भरायला वेळ लागतो. रस्ता मात्र हा वेळ भरून काढतो, कारण दोन्ही बाजूंना नारळ, केळी आणि पानमळे आहेत. केळवे-माहीमचे विड्याचे पान प्रसिद्ध आहे आणि मळ्यातल्या त्या दाट सावलीकडे रिक्षातूनसुद्धा लक्ष जाते.

किनाऱ्याला लागूनच शितलादेवीचे देऊळ आहे आणि त्याच्यापुढे सुरूचे बन. मुंबईच्या आसपास भर दुपारी उन्हाशी न झगडता बसता येईल असा दुसरा मोठा किनारा मला माहीत नाही. सुरूच्या काड्यांचा तपकिरी थर इतका जाड असतो की वेगळी सतरंजी लागत नाही. वारा सुटला की झाडांमधून जो सूं सूं आवाज येतो तो कितीतरी वेळ लाटेचाच वाटत राहतो. वादळांनी आणि धुपीने या बनातली पुढची झाडे बरीच खाल्ली आहेत. पाण्याकडच्या बाजूला मुळे उघडी पडलेले बुंधे वाळूत आडवे दिसतात, आणि भरतीची रेषा त्यांच्या आत शिरलेली असते. बनाच्या कडेला वाळूत अर्धवट बुजलेला एक छोटा भुईकोट आहे. माहीत नसेल तर माणूस त्याच्या शेजारून निघून जातो.

रविवारी देवळासमोरच्या भागात घोडागाड्या, उंट, चहाच्या टपऱ्या आणि सहलींचे घोळके असतात, त्यामुळे पहिले दर्शन मनाला फारसे पटत नाही. तिथून दक्षिणेला दांड्याच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे चालत राहावे. टपऱ्या संपतात, घोडागाड्यांच्या चाकोऱ्या संपतात, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणकोट दिसू लागतो. या पट्ट्यात पाण्यात उतरू नये. खाडीचा प्रवाह ओहोटीला वेगाने बाहेर ओढतो आणि तिथे बघायला कुणी नसते. पोहायचेच असेल तर ते देवळासमोर, माणसांत आणि गुडघाभर पाण्यात. गावातल्या घरगुती खानावळींत तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण मिळते, पण आगाऊ सांगावे लागते. ऐन एक वाजता जाऊन ताट मागणाऱ्याला ‘आधी फोन करायचा ना’ हे ऐकावे लागते, आणि ते रास्तच आहे.

आता बंदरापलीकडचा अलिबाग तालुका. गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी तासाभरात पोहोचवतात आणि त्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, वाहनेही नेणारी रो-रो बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिचा मोठा फायदा असा की गेटवेच्या बोटी जूनपासून पावसाळाभर बंद असतात तेव्हाही हवामान ठीक असेल तर ती चालू राहते. जुन्या माणसांना भाऊचा धक्का ते रेवस ही लाँचच आपली वाटते, आणि ती स्वस्तही आहे, पण रेवसहून किनारे गाठायला वेळ जास्त मोडतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसल्यापासून जीवरक्षक जाकिटांबाबत बोटीवर कडक धोरण आहे. उन्हाळ्यात ते जाकीट घालून बसणे त्रासाचे होते, तरीही त्याबद्दल कुरकुर करू नये.

बोटीतून उतरलेले बहुतेक लोक थेट अलिबागच्या बसमध्ये बसतात, आणि नेमके तिथेच त्यांचे निवांत किनारे सुटतात. मांडव्याच्या जेटीवरून रिक्षा किंवा मिनिडोर (मोठी तीनचाकी) करून किनाऱ्याकडच्या गावरस्त्याने दक्षिणेला निघाले की सासवणे आणि पुढे आवास ही गावे लागतात. या संपूर्ण परीक्षणात माझा पहिला क्रमांक या दोन गावांना आहे. दोन्हीकडे किनारा लांब आणि सपाट आहे, मागे नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि मधल्या वारी अर्धा किलोमीटरच्या टापूत चार माणसे दिसली तर खूप. पाण्यातले खेळ नाहीत, टपऱ्या नाहीत, शहाळेवाला असलाच तर एखादा.

हे सगळे टिकले त्याचे कारण गावकऱ्यांच्या दृष्टीने फारसे सुखाचे नाही. गेल्या तीन-चार दशकांत किनाऱ्यालगतच्या वाड्या मुंबईच्या धनिकांनी विकत घेतल्या, त्यांवर बंगले बांधले आणि बंगल्यांना भिंती घातल्या. वाडी गावातल्या माणसाची होती तेव्हा तिच्यातून पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटेला कुणी हरकत घेत नसे. भिंत आली आणि वाट फाटकाआड गेली. कायद्याने परिस्थिती स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्रतळ शासनाचा आहे, आणि १९९१ पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी भरतीरेषेजवळच्या बांधकामावरही बंधने घातली आहेत. किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटके लावून पाडण्यात आला तो याच नियमांच्या भंगासाठी. पण वाळू सर्वांची असली तरी वाळूपर्यंतची जमीन खासगी आहे, आणि नेमका त्या शंभर-दोनशे मीटरचा प्रश्न कायद्याच्या या कलमाने सुटत नाही. म्हणून ज्या मोजक्या सार्वजनिक वाटा उरल्या आहेत त्या माहीत असणे हीच या किनाऱ्याची खरी किल्ली आहे.

सासवण्यात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आणि शिल्पालय आहे. पुण्यातला शिवछत्रपतींचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. शिल्पालय पाहून, अंगणातल्या सिमेंटच्या बसलेल्या म्हशीजवळ थोडे रेंगाळून मगच किनाऱ्याकडे वळावे; ती म्हैस इतकी खरी आहे की लहान मुले आधी लांब उभी राहतात. शिल्पालयाच्या परिसरात कुणालाही ‘दर्यावर जायची वाट कुठली’ असे विचारले की उत्तर मिळते. आवासला नागेश्वराचे देऊळ ही ओळखीची खूण धरावी आणि तिथून विचारत जावे. वाटेवर पाटी असेलच असे नाही. एका बंगल्याच्या राखणदाराने मला ‘इकडून प्रायव्हेट आहे’ म्हणून परतवले, आणि पन्नास पावलांवरच्या घरातल्या आजींनी ‘त्याच्या भिंतीला धरूनच वाट आहे, जावा बिनघोर’ म्हणून त्याच बाजूला पाठवले. आजींचे खरे होते. दोन भिंतींच्या मधे एका वेळी एकच माणूस जाईल एवढा बोळ, पायाखाली नारळाच्या झावळ्या, आणि टोकाला उघडा समुद्र.

ओहोटीच्या वेळी इथली ओली वाळू जवळून पाहण्यासारखी असते. पाणी मागे गेले की मिनिटभरात बारीक बारीक बिळे उघडतात आणि प्रत्येक बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. तो वाळू तोंडात घालतो, तिच्यातले खाद्य चोखून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून थोडी मोठी गोळी करून मागे टाकतो. बिळापासून निघणारी एक मोकळी वाट तो तेवढी ठेवतो, म्हणजे चाहूल लागताच सरळ आत पळता यावे. तासाभरात सगळा किनारा या गोळ्यांनी भरून जातो आणि पाऊल कुठे टाकावे असा प्रश्न पडतो. ज्या किनाऱ्यावर गाड्या धावतात तिथे हे दिसत नाही. किनाऱ्याचा निवांतपणा मोजायला याहून सोपी खूण मला सापडलेली नाही.

सासवण्याच्या बाजूला मधे मधे खडक आहेत आणि ओहोटीला तिथे गावातल्या बायका कालवे (खडकावरचे शिंपले) फोडताना दिसतात. त्यांच्याकडे दोन कारणांनी लक्ष ठेवावे. एक म्हणजे त्या जिथे आहेत तिथे परक्या माणसाला, विशेषतः एकट्या बाईला, निर्धास्त वाटते. निर्मनुष्य किनाऱ्याचे कौतुक करणारे लेखक बहुतेक पुरुष असतात आणि ही बाजू त्यांच्या ध्यानात येत नाही. दुसरे म्हणजे त्या टोपल्या उचलून निघाल्या की आपणही निघावे. त्यांच्यातल्या एकीने खडकाच्या टोकाला बसलेल्या आम्हाला हाक मारून सांगितले, ‘दादा, आता उठा, पाणी मागनं भरतंय.’ वळून पाहिले तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरू लागले होते. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येताना दिसते त्याच्या आधी ती अशी बाजूने आत शिरते.

भरती-ओहोटीचे गणित इथे सहलीचा दिवस ठरवण्यापासूनच उपयोगी पडते. या भागात उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढ-उतार करते. आवासला पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे दुपारी बारा वाजता पोहोचलात तर लाटा बंगल्यांच्या संरक्षक भिंतींपर्यंत आलेल्या असतात, चालायला वाळू उरत नाही, आणि एका वाटेने उतरलेला माणूस दुसऱ्या वाटेपर्यंत जाऊ शकत नाही. कोकणातला जुना ठोकताळा इथे चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला भरती सव्वाआठची, ओहोटी सव्वादोनची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण सहल ठरवायला एवढे पुरते. सकाळच्या बोटीने जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला अष्टमी ते एकादशी हे दिवस सगळ्यात सोयीचे. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते, पाणी फार लांब जात नाही, फार आतही येत नाही, आणि चालायला पाच-सहा तास मिळतात. ज्या घरात कालनिर्णय भिंतीवर आहे त्या घराला यासाठी वेगळ्या ॲपची गरज नाही.

किहीमबद्दल थोडक्यात. चोंढीला बसमधून उतरून तिथे जाता येते, म्हणून आवासपेक्षा ते सोपे आहे आणि म्हणूनच जास्त गजबजलेले. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या घरट्यांची निरीक्षणे केली ती याच गावात. आज मुख्य वाटेच्या तोंडाशी टपऱ्या आणि वाहने आहेत. तिथून दोन्ही हातांना दूर चालत गेले तर शांतता मिळते, पण ती आवासला न चालता मिळते. अलिबाग शहराच्या दक्षिणेचे आक्षी हे मात्र किहीमहून सरस आहे. नागावला जाणारी गर्दी त्याच्या फाट्यावरून पुढे निघून जाते आणि सुरूच्या रांगेमागचा तो सपाट किनारा पुष्कळदा रिकामा राहतो. एकच अडचण, मुंबईहून एका दिवसात आक्षी करायचे तर पहिली बोट आणि शेवटची बोट यांच्या मधे घड्याळाकडे सारखे पाहावे लागते.

उरणचे पीरवाडी इथे नोंदवतो ते केवळ पोहोचण्याच्या सोयीसाठी. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे नवी मुंबईकरांना हा सगळ्यात जवळचा किनारा झाला आहे. खडकाळ आहे, जहाजांची रांग समोर दिसते, संध्याकाळी गावातली मंडळी फिरायला येतात. सकाळी लवकर गेल्यास ठीक.

आता गैरसोयी, कारण वरच्या कौतुकाने कुणी लहान मुले आणि वयस्क आईवडील यांना घेऊन आवासला जायचे आणि मग मला दोष द्यायचे, असे व्हायला नको. आवास आणि सासवणे या दोन्ही ठिकाणी किनाऱ्यावर सार्वजनिक स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, गोड्या पाण्याचा नळ नाही. पुरुष यावर खांदे उडवून मोकळे होतात. घरातल्या बायकांना मात्र याचसाठी सकाळपासून पाणी कमी प्यावे लागते, आणि उन्हात ते बरे नव्हे. यावर व्यवहारी उपाय म्हणजे गावातल्या घरगुती खानावळीत दुपारचे जेवण आधी सांगून ठेवणे. जेवणाबरोबर न्हाणीघर आणि घटकाभर टेकायला ओटी मिळते, आणि दोन पैसे गावात राहतात. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या माथी पार्किंग आणि चौपाटी सुशोभीकरण मारण्याऐवजी प्रत्येक सार्वजनिक वाटेच्या तोंडाशी एक पाटी आणि एक स्वच्छ शौचालय एवढेच मागावे, असे माझे मत आहे. फरसबंदी आली की मागोमाग बसगाड्या येतात.

कचऱ्याची स्थिती ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात समुद्र महानगराने टाकलेले सगळे किनाऱ्यावर आणून ओततो, आणि त्याच काळात डांबरासारखे तेलाचे गोळेही वाळूत मिसळतात; ते तळपायाला लागले तर साबणाने निघत नाहीत, खोबरेल लावून पुसावे लागतात. ऑगस्टच्या सुमारास निळ्या फुग्यासारखे दिसणारे ‘ब्लू बॉटल’ वाळूवर पडलेले असतात. ते मेलेले दिसले तरी त्यांच्या लांब तंतूंचा दंश होतो, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात स्वच्छ आणि चालायला सुखाचा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढून झाकलेल्या असतात आणि किनारा फार देखणा दिसतो, पण तेव्हा पाण्याच्या जवळपासही जाऊ नये.

पश्चिम उपनगरात राहणाऱ्याने केळवे निवडावे, दक्षिण आणि मध्य मुंबईतल्याने सासवणे-आवास. दोन्हीकडे सोमवार ते गुरुवार, आणि त्यातही शाळांच्या सुट्ट्या टाळून. मांडव्याहून परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे सकाळी उतरतानाच खिडकीवर विचारून घ्यावे, कारण वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आणि ज्या रिक्षाने गावात गेलात त्याच रिक्षावाल्याला परत न्यायला यायची वेळ सांगून ठेवावी. आवासमध्ये पाचनंतर रस्त्यावर उभे राहून रिक्षा मिळत नाही.